वस्तूंची माया आणि नात्यांचा भरवसा

मनुष्याचे मन निर्जीव वस्तूंत का गुंतावे, हा प्रश्न आपल्याकडे प्राचीन काळापासून विचारला गेला खरा. परंतु तो विचारणारे बहुधा निवृत्तिमार्गी असल्यामुळे त्याचे उत्तर प्रश्नापूर्वीच निश्चित झाले होते. पतंजलीने अपरिग्रहाची गणना यमांत केली, जैन मुनींनी त्याला पाचव्या महाव्रताची प्रतिष्ठा दिली, आणि तुकारामांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा वारकरी परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने सांगितली. या सर्वांतून वस्तूंवरील ममत्व हा बंध असून तो तोडणेच श्रेयस्कर, एवढे लोकमानसात पक्के झाले. मात्र ज्याला संसार सोडावयाचा नाही, ज्याला त्याच चार भिंतींत त्याच माणसांबरोबर आयुष्य काढावयाचे आहे, त्याच्या ममत्वाची मीमांसा करण्याचे काम मागे पडले. चेपलेला, कल्हई उडालेला गडवा एखादी गृहिणी मोडीत का घालीत नाही, किंवा केव्हाच बंद पडलेले मनगटी घड्याळ एखादा वृद्ध दर सकाळी रुमालाने पुसून पुन्हा उशाशी का ठेवतो, याला लोभ हे उत्तर पुरत नाही. कारण लोभाची दृष्टी मोलावर असते आणि या वस्तूंना बाजारात कवडीचेही मोल नसते.

गेल्या पाऊणशे वर्षांत मानसशास्त्राने या प्रश्नाला एक निराळी दिशा दिली. जवळच्या माणसांविषयी मनात जी निश्चिंती वा धास्ती असते तिच्याशी वस्तूंवरील मायेचा निकटचा संबंध आहे, असे या शास्त्राचे म्हणणे असून त्याच्या पुष्टीसाठी बालकांच्या निरीक्षणांपासून प्रयोगशाळेतील मोजमापांपर्यंत बराच पुरावा आता गोळा झाला आहे. त्या पुराव्याचा आढावा घेताना माझे जे मत बनत गेले ते आरंभीच नमूद करतो. संबंध खरा आहे; परंतु माणसे दुरावली म्हणून मन वस्तूंना कवटाळते, असा जो त्याचा एकेरी अर्थ लावला जातो तो अपुरा आहे, आणि आपल्या समाजातील स्त्रियांच्या बाबतीत तर तो अन्यायकारकही आहे.

लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात अनेक वर्षे बालकांवर उपचार केलेले डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेपुढे एक निबंध वाचला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला आणि या विषयाचा पाया त्यानेच घातला असे म्हणावयास हरकत नाही. तान्हेपण सरत असताना अनेक मुले पांघरुणाचा एखादा कोपरा, लोकरीचा पुंजका किंवा मऊ बाहुली निवडतात, ती चोखतात, कुरवाळतात, प्रसंगी आपटतातही, आणि झोपेच्या वेळी ती हाती नसली तर घर डोक्यावर घेतात, हे कोणत्याही आईला ठाऊक असलेले सत्य विनिकॉट यांनी प्रथमच गंभीर विचाराला योग्य मानले. ही वस्तू मळली, तिला वास येऊ लागला, तरी शहाणी आई ती धूत नाही. कारण धुतल्याने मुलाच्या अनुभवातील सातत्याला तडा जातो, हे ती जाणते, असे त्यांनी नोंदविले. त्यांच्या मते ही वस्तू पूर्णपणे मुलाच्या मनातील नव्हे आणि पूर्णपणे बाहेरच्या जगातीलही नव्हे. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात तिचे वास्तव्य असते, आणि पुढे याच प्रदेशात खेळ, कला व धर्म यांचा उदय होतो. मूल मोठे होते तसतशी ती वस्तू विसरली जात नाही की तिचा शोकही होत नाही. तिचा अर्थ हळूहळू विरून जातो.

विनिकॉट यांचेच समकालीन जॉन बोल्बी यांना मात्र हे विवेचन फार गूढ वाटले. १९६९ ते १९८० या काळात तीन खंडांत मांडलेल्या त्यांच्या अनुबंध-सिद्धांताचा गाभा असा, की मुलाची आईकडे असलेली ओढ ही भुकेइतकीच मूलभूत प्रेरणा आहे; आणि ती ओढ तृप्त करण्यास आई जवळ नसेल तेव्हा मूल जे पांघरूण कवटाळते ते आईचा पर्याय म्हणून, त्यात अधिक काही शोधण्याचे कारण नाही. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली, रुग्णालयात आठ दिवस आईवाचून राहावे लागलेल्या एका दोन वर्षांच्या बालिकेचे चित्रण केले. घरून आणलेले अस्वल आणि पांघरूण उराशी धरून रडू आवरणारी ती मुलगी पाहून इंग्लंडमधील रुग्णालयांचे भेटीचे कठोर नियम हळूहळू शिथिल झाले. तिकडे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५८ साली जाहीर केलेल्या प्रयोगांत माकडांच्या पिलांनी दूध देणाऱ्या तारेच्या सांगाड्यापेक्षा दूध न देणाऱ्या पण मऊ कापड गुंडाळलेल्या सांगाड्याशी अधिक काळ बिलगून राहणे पसंत केले. पिलांना आईपासून तोडून केलेले ते प्रयोग वाचताना आजही मन विषण्ण होते.

अशा रीतीने आरंभापासूनच दोन मते समोरासमोर उभी आहेत: वस्तू ही नात्याचा विस्तार आहे, हे एक, आणि ती नात्याची भरपाई आहे, हे दुसरे. पुढील सर्व संशोधन कळत-नकळत यांपैकी एका बाजूला झुकलेले दिसते. या वादात देशोदेशींच्या बालसंगोपनाची जी साक्ष निघाली ती मला फार मोलाची वाटते. रेनाटा गाद्दिनी यांना इटलीच्या ग्रामीण भागातील मुलांत अशी आवडती वस्तू क्वचितच आढळली, रोम शहरात ती पुष्कळ अधिक प्रमाणात आढळली. आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत कोरियातील मुलांपेक्षा अमेरिकेतील मुलांत तिचे प्रमाण जास्त भरले. मूल आईच्या कुशीत निजते की वेगळ्या खोलीतील पाळण्यात, यावर बरेच अवलंबून असते, असा त्याचा इत्यर्थ.

आपल्या घरांतील गोधडीचा विचार केला म्हणजे हा वाद वेगळ्याच जागी येऊन थांबतो. मराठी घरात मूल बहुधा आईजवळच निजते, म्हणजे पर्यायाची गरज तेथे कमी. आणि तरीही त्याच्या अंगावर जी गोधडी असते ती आईच्या, आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्याने शिवलेली असते. ज्या वस्त्राचा पदर धरून ते मूल चालावयास शिकले तेच वस्त्र रात्री त्याचे पांघरूण होते. येथे आई आहे आणि गोधडीही आहे, आणि एकीची उणीव दुसरीने भरून काढावी असा प्रसंगच उद्भवत नाही. पुढे तोच मुलगा शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात जाताना वळकटीत ती गोधडी बांधून नेतो, तेव्हा मात्र ती बोल्बींच्या अर्थाने पर्याय होते. एकच वस्तू एका काळी विस्तार व दुसऱ्या काळी भरपाई होऊ शकते, आणि ती केव्हा काय आहे हे वस्तूकडे पाहून कळत नाही, माणसाकडे पाहावे लागते.

बालकांविषयी आणखी दोन प्रयोगांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. १९७५ साली पॅसमन आणि वाइसबर्ग यांनी दाखविले, की पांघरुणाची सवय असलेली मुले अनोळखी खोलीत आई जवळ असताना जितक्या निर्भयपणे खेळतात तितक्याच निर्भयपणे पांघरूण जवळ असताना खेळतात. आणि २००८ साली ब्रूस हूड व पॉल ब्लूम यांनी लहान मुलांना एक खोटेच यंत्र दाखवून, यातून तुझ्या आवडत्या वस्तूची हुबेहूब दुसरी प्रत निघते असे सांगितले. तेव्हा बहुतेक मुलांना आपली मूळ वस्तूच परत हवी होती, आणि काहींनी तर ती यंत्रात ठेवू देण्यासच नकार दिला. वस्तूच्या गुणांवर हे प्रेम नाही, तिच्या इतिहासावर आहे, हे चार वर्षांच्या मुलालाही उमगते.

प्रौढांच्या अभ्यासाकडे येण्यापूर्वी मेरी एन्सवर्थ यांचे ऋण मानले पाहिजे. युगांडात आणि नंतर बाल्टिमोर येथे केलेल्या निरीक्षणांतून त्यांनी मुलांच्या अनुबंधाचे सुरक्षित, टाळणारा आणि द्विधा असे प्रकार पाडले. सिंडी हेझन व फिलिप शेव्हर यांनी १९८७ साली तेच प्रकार प्रौढ स्त्रीपुरुषांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिले. ज्याच्या मनात जोडीदार आपल्याला सोडून जाईल ही धास्ती कायम वसते, तो त्या धास्तीचे काय करतो, हा प्रश्न तेथून पुढे वस्तूंपर्यंत पोहोचला.

२०१२ साली लुकस कीफर, मार्क लांडाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले प्रयोग या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहेत. जवळची माणसे ऐनवेळी भरवशाची ठरली नाहीत असे प्रसंग आठवून लिहावयास सांगितलेल्या व्यक्तींनी आपल्या वस्तूंविषयी अधिक ओढ व्यक्त केली. परक्या माणसांच्या बेभरवशाची आठवण करून दिली असता मात्र हा परिणाम दिसला नाही. तिसऱ्या प्रयोगात लोकांचा मोबाइल काढून ठेवण्यात आला, तेव्हा नात्यांतील अनिश्चिततेविषयी नुकतेच लिहिलेल्या व्यक्तींना विरहाची बेचैनी अधिक झाली. आणि मोबाइल हे माणसांशी बोलण्याचे साधन आहे म्हणूनच ती झाली असे म्हणावयास जागा राहिली नाही, कारण ती उपयुक्तता वजा करूनही परिणाम शिल्लक राहिला. याच्या आदल्याच वर्षी मार्गारेट क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाण्याची दुसरी बाजू तपासली होती. हाती आलेली वस्तू विकताना माणूस तिची किंमत विकत घेणाऱ्याच्या सुमारे दुपटीने लावतो, हे कानेमन, नेट्श व थेलर यांनी १९९० साली साध्या कपांच्या व्यवहारातून दाखविले होते. क्लार्क यांना असे आढळले, की आपल्यावर प्रेम करणाऱ्यांचे स्मरण करून दिलेल्या व्यक्ती आपल्या मालकीच्या पांघरुणाची वा लेखणीची किंमत इतरांपेक्षा कमी लावतात. नात्याची ऊब जाणवली की मूठ सैल होते.

हे निष्कर्ष मन वेधून घेणारे आहेत. परंतु त्यांच्यावर किती भार टाकावा याविषयी सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. क्षणिक आठवण जागवून मनोवृत्ती बदलून पाहण्याची ही पद्धत अलीकडे टीकेचा विषय झाली असून, २०१५ साली मानसशास्त्रातील १०० प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा जो मोठा सामुदायिक उपक्रम झाला त्यात सुमारे ३६ टक्के प्रयोगांतच मूळ परिणाम पुन्हा ठळकपणे दिसला. शिवाय अशा प्रयोगांतील बहुसंख्य व्यक्ती पाश्चात्य विद्यापीठांतील तरुण विद्यार्थी असतात. ज्यांच्या नावावर घर नाही, ज्यांना वारसाचा दावा लढावा लागलेला नाही आणि ज्यांची ताटातूट बहुधा परीक्षेच्या सुट्टीपुरती असते, त्यांच्या मोबाइलवरून मानवमात्राच्या ममत्वाचा निवाडा करणे धाडसाचे होईल.

भरपाईच्या मतापुढे सर्वांत मोठा पेच मात्र एका जुन्या आणि शांतपणे केलेल्या अभ्यासाने टाकला आहे. मिहाय चिकसेंटमिहाय आणि यूजीन रॉचबर्ग-हाल्टन यांनी शिकागो परिसरातील ८२ कुटुंबांतील ३१५ व्यक्तींना त्यांच्या घरी जाऊन, तुम्हाला कोणत्या वस्तू प्रिय आहेत व का, एवढेच विचारले, आणि १९८१ साली त्याचा ग्रंथ केला. म्हाताऱ्यांनी छायाचित्रे दाखविली, तरुणांनी संगीत ऐकण्याची यंत्रे. पण खरे आश्चर्य पुढेच होते. आपल्याला वस्तूंचे काही वाटत नाही, आपण माणसांना मानतो, असे जे सर्वांत आग्रहाने सांगत होते तेच बहुधा एकाकी आढळले. ज्यांचा गोतावळा भरलेला होता त्यांच्या घरात प्रत्येक खुर्चीला आणि तसबिरीला कोणा ना कोणाचे नाव चिकटलेले होते. माया अधिक म्हणजे नाते उणे, हे समीकरण या घरांत उलटे झाले. रसेल बेल्क यांनी १९८८ साली मालकीच्या वस्तूंना विस्तारित ‘स्व’चा भाग म्हटले, तेव्हा त्यांच्या पाठीशी हा अभ्यास होता, आणि त्यामागे विल्यम जेम्स यांचा १८९० सालचा ग्रंथही होता.

एकाकी माणसे निर्जीव वस्तूंना सजीवत्व बहाल करतात, असे २००८ सालच्या एका प्रसिद्ध संशोधनाने दाखविले. ते त्या प्रयोगांपुरते खरे असेल. परंतु खंडेनवमीला भरल्या घरातला सुतार आपल्या करवतीला आणि रंध्याला गंधफूल वाहतो, चालक आपल्या गाडीला झेंडूची माळ घालतो, तेव्हा त्यामागे एकाकीपणा शोधणारा अभ्यासक फसेल.

आता ज्या मुद्द्यासाठी हा आढावा लिहावासा वाटला त्याकडे वळतो. नात्यातील असुरक्षितता ही सर्व संशोधकांनी मनाची एक अवस्था मानली आहे, आणि ती प्रश्नावलीने मोजली आहे. परंतु हिंदू कुटुंबातील स्त्रीची असुरक्षितता शतकानुशतके कायद्याच्या दप्तरात लिहिलेली होती. एकत्र कुटुंबाच्या स्थावर इस्टेटीवर तिचा हक्क नव्हता. विधवेस फार तर अन्नवस्त्र मागता येई, आणि तेही दीर-जावांच्या मर्जीची चाचपणी करून. तिची स्वतःची म्हणण्यासारखी मालमत्ता एकच, ती स्त्रीधन. मनुस्मृतीने त्याचे सहा प्रकार सांगितले; कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने वारसाने, खरेदीने व वाटणीने आलेले धनही त्यात धरून त्याची व्याप्ती उदारपणे वाढविली; इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने ती पुन्हा आवळली, जरी मयूख या धर्मशास्त्रग्रंथाला मानणाऱ्या मुंबई इलाख्यात स्त्रियांची स्थिती इतर प्रांतांहून काहीशी बरी राहिली. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत हयातीपुरता मर्यादित हक्क मिळाला, १९५६ च्या वारसा कायद्याने तो संपूर्ण झाला, आणि मुलीला जन्मतः सहदायाद मानण्यास महाराष्ट्रात १९९४ व देशभर २००५ साल उजाडावे लागले.

हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून मग आजीच्या ट्रंकेकडे पाहावे. पाटल्या, गोठ, पुतळ्यांची माळ, आणि त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कधीही न वापरलेली तांब्यापितळेची भांडी, ज्यांच्यावर ती कोणी, कोणाला, कोणत्या तारखेस दिली हे ठसे मारून कोरलेले असते. रुखवतात मांडलेले ते तबक वापरून झिजवावयाचे नाही, लेकीलाही देताना हात अडखळतो, आणि सून म्हणते, सासूबाईंचा जीव भांड्यांत अडकला आहे. परंतु ज्या घरात तिचे राहणे इतरांच्या मर्जीवर होते त्या घरात, हे माझे आहे, असे ज्यावर कोरलेले होते अशी तीच एक गोष्ट होती. नवऱ्याने टाकले, दिराने घराबाहेर काढले, तर ती भांडी तारण ठेवून चार महिने निघत. आणि न निघाली तरी माहेर नावाचे एक ठिकाण आहे आणि तेथील माणसांनी आपल्याला रिकाम्या हाती पाठविले नव्हते, याचा तो दस्तऐवज होता. येथे विस्तार आणि भरपाई यांच्या जोडीला तिसरे काहीतरी आहे, त्याला मी पुरावा म्हणेन. प्रश्नावली हातात घेतलेल्या संशोधकाला ही आजी चिंतातुर अनुबंधाची वाटेल. तिची चिंता मनाने निर्माण केलेली नव्हती. ती परिस्थितीचे बिनचूक वाचन होती.

न्यायालयांना हे मानसशास्त्रापूर्वी कळले, याचे मला समाधान वाटते. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की स्त्रीधन विवाहानंतरही संपूर्णपणे पत्नीचेच राहते, सासरच्या ताब्यात असले तरी ते केवळ विश्वस्त म्हणून असते, आणि ते परत न दिल्यास विश्वासघाताची फौजदारी फिर्याद होऊ शकते.

ममत्वाचे रूप विकृतीला पोहोचते, हेही नाकारण्यात अर्थ नाही. निरुपयोगी वस्तू टाकणे अशक्य होऊन राहत्या घरात चालावयास जागा उरू नये, या अवस्थेचा रँडी फ्रॉस्ट व गेल स्टेकेटी यांनी दीर्घकाळ अभ्यास केला, आणि २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत तिला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. या रुग्णांचा भावनिक गुंता माणसांपेक्षा वस्तूंशी अधिक असतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे. तथापि न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंचे जे प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितले जाते, त्यातील एक तपशील बहुधा गाळला जातो. १९४७ साली त्यांच्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघाले, त्यात वर्तमानपत्रांचे डोंगर होते. आणि ती वर्तमानपत्रे धाकट्या लँगलीने साठविली होती ती थोरल्या, अंध झालेल्या होमरला दृष्टी परत येईल तेव्हा वाचता यावीत म्हणून. होमरसाठी जेवण घेऊन जाताना आपणच रचलेल्या ढिगाखाली लँगली मेला, आणि भावाची वाट पाहत अन्नावाचून होमर. त्या कचऱ्याच्या मुळाशी नात्याचा अभाव नव्हता. म्हणूनच आप्तेष्टांनी रुग्णाच्या गैरहजेरीत घर रिकामे करून टाकणे हा उपचार नव्हे. त्याने उरलासुरला विश्वासही जातो आणि ढीग पुन्हा उभा राहतो.

मृतांच्या वस्तूंविषयी व्होल्कान या सायप्रसमध्ये जन्मलेल्या मनोविकारतज्ज्ञाने १९७२ साली लिहिले आहे. ज्यांचा शोक अडून राहिला ते गेलेल्याची एखादी वस्तू कुलुपात ठेवतात, ती वापरीत नाहीत, पाहतही नाहीत, पण ती कोठे आहे हे त्यांना सदैव ठाऊक असावे लागते. आणि खरेदीच्या हव्यासाविषयी रिक पीटर्स यांनी अडीच हजारांहून अधिक डच नागरिकांना सहा वर्षे पाहून दाखविले, की प्रतिष्ठेसाठी किंवा दुःखावर औषध म्हणून जमविलेल्या वस्तू एकाकीपणा वाढवितात, केवळ आनंदासाठी घेतलेल्या मात्र नाही. दोन्ही विषय स्वतंत्र लेखांचे आहेत.

आपल्याकडे या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा तर परदेशी प्रश्नावलीचे भाषांतर करून भागणार नाही. साधने आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत पडलेली आहेत. लग्न ठरले म्हणजे दोन्ही पक्ष बसून देण्याघेण्याची याद करतात. १९८५ च्या नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवणे कायद्यानेही सांगितले आहे. दुसऱ्या टोकाला, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पीडित स्त्रीस तिचे स्त्रीधन व इतर वस्तू परत देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, आणि त्यासाठी तिला काय हवे आहे हे अर्जात लिहावे लागते. लग्नाच्या वेळची याद आणि घर सोडल्यानंतरची मागणी, हे दोन कागद शेजारी ठेवून, नावे गाळून, स्त्रियांच्या संमतीने वाचावेत असे मला फार वाटते. पहिल्या कागदावर सोने व भांडी यांची वजने असतील; दुसऱ्यावर सोन्याच्या खाली जर मुलाची झबली, आईने शिवलेली गोधडी किंवा शाळेचा दाखला आला, तर तो प्रत्येक जिन्नस तिने का मागितला हे तिलाच विचारावे, आणि त्याच बैठकीत हेही विचारावे की राहत्या घराच्या कागदावर तिचे नाव कधी होते काय.